दोन आवाज, एक डेल्को : १९४४ च्या लष्करी जीपच्या बॅकफायरचे प्रकरण

दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी जीप, १९४४ सालची, माझ्याकडे आली ती एका वाक्याच्या तक्रारीसह : ‘गाडी फटाके फोडते.’ मालकाने यापूर्वी दोन ठिकाणी ती दाखवली होती. एका ठिकाणी कार्ब्युरेटर उघडून साफ झाला होता, दुसऱ्या ठिकाणी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, ‘कानाने’ लावले गेले होते आणि दोन्ही वेळा चार दिवस बरे वाटून गाडी पुन्हा पहिल्यासारखी वागू लागली होती. या प्रकरणात नेमके काय बिघडले होते, ते कोणत्या क्रमाने सापडले आणि मी स्वतः सुरुवातीला कुठे चुकलो, याची ही नोंद आहे.

इंजिनाची थोडी ओळख आधी द्यायला हवी, कारण पुढचे निदान तिच्यावरच उभे आहे. हे चार सिलिंडरचे, २१९९ सीसीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले पेट्रोल इंजिन आहे. मिनिटाला ४००० फेऱ्यांना ६० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन रेशो अवघा ६.४८, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. विजेची व्यवस्था सहा व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थची. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला सरसकट डेल्को म्हणतात तो, ऑटोलाइटचा असून त्यात व्हॅक्यूमवर चालणारा ॲडव्हान्स नाही. वेगानुसार ठिणगी लवकर पाडण्याचे सगळे काम आतली दोन फिरती वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात. डेल्कोचा शाफ्ट खाली ऑइल पंपाच्या शाफ्टमध्ये अडकतो आणि तो पंप कॅमशाफ्टवर फिरतो. त्यामुळे कधीकाळी कुणी पंप काढून एक दात इकडेतिकडे बसवला असेल, तर डेल्कोचे सगळे गणित तिथूनच सरकते. या गाडीत तसे झाले नव्हते, पण ही शक्यता पहिल्याच दिवशी तपासून बाजूला काढली.

‘फटाके’ या एका शब्दाखाली मालक दोन वेगळ्या गोष्टी सांगत होता, हे गाडी स्वतः चालवल्याशिवाय कळले नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर खोल दाबला, की बॉनेटखालून ‘फच्च’ असा कोरडा आवाज येई आणि क्षणभर गाडीचा दम जाई. ही कार्ब्युरेटरमधून आलेली शिंक होती. उतारावर पाय उचलला, की दोनतीन सेकंदांनी मागून सायलेन्सरमध्ये दणका बसे. शिवाय स्टार्टर मारताना इंजिन अधूनमधून उलटा झटका देई. पहिला आवाज म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह उघडा असताना आत पेटलेले मिश्रण; दुसरा म्हणजे न जळता बाहेर पडलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटणे. या दोन्हींचे मूळ एक असू शकते, पण ते तसे आहे असे आधीच गृहीत धरले की माणूस टायमिंगचा एकच स्क्रू इकडून तिकडे फिरवत बसतो. आधीच्या मंडळींनी तेच केले होते.

मग मीही चुकलो. ॲक्सिलेटर दाबताच कार्ब्युरेटर शिंकतो म्हणजे मिश्रण कोरडे पडते, हा ठोकळेबाज विचार करून मी कार्टर कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला. फ्लोटची पातळी मोजली, ॲक्सिलेटर पंपाची धार पाहिली, जेट साफ केले. धार उत्तम होती, पातळी योग्य होती आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. खरे तर एक साधी चाचणी आधी करायला हवी होती : त्याच चढावर चोक अर्धा ओढून गाडी चालवायची. मिश्रण कोरडे पडत असेल तर चोकने शिंक कमी होते. ती चाचणी मी तिसऱ्या दिवशी केली. शिंक तशीच राहिली, उलट वाढल्यासारखी वाटली. कार्ब्युरेटर निर्दोष ठरला आणि ते ठरवायला स्पॅनरची गरज नव्हती.

त्यानंतर मी पायापासून सुरुवात केली. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घेतले तेव्हा ९८, ९६, ९४ आणि ९७ पौंड प्रति चौरस इंच असे आकडे मिळाले. इतक्या कमी कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनाला हे छानच म्हणायचे, आणि महत्त्वाचे म्हणजे चौघांत फरक नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, पाहायला मॅनिफोल्डखालच्या कोंदट जागेत हात घालून बाजूचे झाकण काढावे लागते, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. थंड इंजिनावर सगळ्या व्हॉल्व्हना १४ थाऊची फट हवी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला १० थाऊच मिळाले, ते दुरुस्त केले. झाकण उघडे असतानाच क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनचीही परीक्षा होते. फ्लायव्हीलवरची टीसी (टॉप सेंटर, पिस्टन अगदी वरच्या टोकाला असल्याची) ही खूण तपासणीच्या भोकात आणली आणि त्या वेळी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला असेल, तर चौथा एक्झॉस्ट आणि इनलेटच्या सांध्यावर असतो. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह टोकाच्या ९ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट टोकानंतर १२ अंशांनी मिटतो, म्हणून बरोबर टीसीवर चौथ्याचे दोन्ही टॅपेट जवळजवळ सारखेच, किंचित उचललेले दिसायला हवेत. ते तसे दिसले. चेन दात चुकलेली नव्हती. मात्र क्रँक हाताने मागेपुढे हलवताना कॅमशाफ्टची हालचाल जराशी उशिरा सुरू होत होती, म्हणजे चेन ताणलेली आहे. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

आता टायमिंग. बाजारातली आजची टायमिंग लाइट बारा व्होल्टवर चालते, त्यामुळे सहा व्होल्टच्या गाडीवर तिला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी द्यावी लागते. हे न कळल्याने ‘लाइट लागत नाही, स्पार्क कमजोर आहे’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. फ्लायव्हीलवर टीसीशेजारी आयजीएन अशी खूण असते, ती टोकाच्या ५ अंश आधीची. ६०० फेऱ्यांच्या आयडलवर लाइट टाकली तर ती खूण भोकात कुठेच नव्हती. लाइटवरची चकती फिरवून टीसी भोकात आणली, तेव्हा चकतीने १६ अंश दाखवले. पाचाच्या जागी सोळा. उलट्या झटक्याचे कारण तिथेच मिळाले : पिस्टन अजून वर चढत असताना ठिणगी पडते आणि स्टार्टरच्या मंद गतीला तो जोर उलट फिरवतो. या गाडीला हॅंडल मारून सुरू करायचीही सोय आहे, आणि असे टायमिंग असताना अंगठा हॅंडलच्या पलीकडून वळवून धरणाऱ्याचा अंगठा मोडतो. अंगठा नेहमी बोटांच्याच बाजूला ठेवावा.

पण सोळा अंशांपेक्षा पुढचे निरीक्षण अधिक बोलके होते. इंजिन २००० फेऱ्यांवर नेले तरी चकतीवरचा आकडा १६ च राहिला. ॲडव्हान्स शून्य. शिवाय खूण स्थिर नव्हती, चार-पाच अंशांच्या पट्ट्यात नाचत होती. पहिला आणि चौथा सिलिंडर एकाच वेळी टोकाला येतात, त्यामुळे लाइटची पकड पहिल्याच्या वायरवरून चौथ्याच्या वायरवर नेली तरी तीच खूण त्याच जागी दिसायला हवी. इथे चौथ्याला ती तीन अंश सरकलेली दिसली. एकाच डेल्कोतून, एकाच पॉइंटवरून (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कावरून) दोन सिलिंडरना वेगवेगळे टायमिंग मिळत असेल, तर दोष स्क्रूच्या पलीकडे, शाफ्टमध्ये असतो.

इथे कुणीही विचारेल की टायमिंग इतके पुढे असताना ठोके कसे ऐकू येत नव्हते. उत्तर पेट्रोलमध्ये आहे. हे इंजिन त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावे म्हणून इतक्या कमी कॉम्प्रेशनचे बनवले गेले. आजच्या पेट्रोलवर ते टायमिंग बरेच पुढे गेले तरी निमूट सहन करते. आयडलवर टायमिंग पुढे नेले की इंजिन गुळगुळीत आणि जलद चालते, ठोकेही येत नाहीत, आणि कानाने टायमिंग लावणारा समाधानाने स्क्रू आवळतो. जुन्या कारागिरांचा कान खोटा नव्हता, पण तो ज्या पेट्रोलवर तयार झाला ते आता मिळत नाही.

डेल्को काढून बाकावर घेतला. रोटर वर उचलून दोन बोटांनी पिळला तर तो वजनांच्या स्प्रिंगविरुद्ध थोडा फिरायला हवा आणि सोडताच परत यायला हवा. तो हललाच नाही. तळपट्टी काढल्यावर दिसले, की वजनांच्या खुंट्यांवर जुने ग्रीस वाळून लाखेसारखे घट्ट झाले आहे आणि त्यात गंज मिसळला आहे. वजने जागीच चिकटलेली. ॲडव्हान्स बंद पडल्यावर गाडी वेगात ओढेना, म्हणून कुणीतरी मूळ टायमिंगच पुढे नेले. त्यामुळे वेगात थोडा फायदा झाला, आयडल सुधारल्यासारखा वाटला आणि सुरू करताना झटका बसू लागला. तरीही वेगात लागतो तेवढा ॲडव्हान्स सोळा अंशांत मिळत नव्हताच.

मग पॉइंट. गॅप २० थाऊ हवा, तो फीलर गेजने अचूक लावला आणि मग अंगठ्याने शाफ्टचे टोक पॉइंटच्या विरुद्ध बाजूला दाबले. गेज आवळले गेले ते डोळ्यांना दिसले. पुन्हा मोजले तर १३ थाऊ. सात थाऊचा फरक केवळ अंगठ्याच्या दाबाने. पितळी बुश अंडाकृती झिजले होते. गॅप मोठा झाला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते, लहान झाला की मागे पडते. शिवाय डेल्को क्रँकच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने तिथला एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन अंश. चालत्या इंजिनात शाफ्ट डुलत राहणार आणि प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वाट्याचे टायमिंग नशिबाने मिळणार. लाइटखाली नाचणारी खूण ती हीच.

एवढे सापडल्यावर थांबायचा मोह होता, कारण ॲडव्हान्स आणि बुश या दोन दोषांनी बरेचसे स्पष्ट होत होते. पण कार्ब्युरेटरची शिंक त्यांत नीट बसत नव्हती. टायमिंग विस्कटल्याने दम जाईल, गाडी गरम होईल. फक्त जोर टाकल्यावर, दर वेळी त्याच स्वरूपात, ज्वाला इनलेटमधून मागे यायला काही वेगळे कारण लागते.

ते डेल्कोच्या कॅपमध्ये, म्हणजे प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या झाकणात, होते. बाहेरून कॅप स्वच्छ दिसत होता. उलटा करून टॉर्च तिरपी धरली तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या टर्मिनलांमध्ये केसासारखी एक काळी रेघ दिसली. फडक्याने पुसली, गेली नाही. पेट्रोलने पुसली, गेली नाही. नख फिरवले तर किंचित अडकले. बॅकेलाइटवर जळून कोरलेली ती कोळशाची वाट होती, आणि कोळसा वीज वाहतो.

आता फायरिंग ऑर्डरकडे पाहा. कॅपमध्ये टर्मिनले १-३-४-२ या क्रमाने असल्याने ३ आणि ४ शेजारी-शेजारी आहेत. तिसऱ्याला ठिणगी मिळते तेव्हा चौथा अगदी खाली, कॉम्प्रेशन सुरू होण्याच्या बिंदूवर असतो आणि त्याचा इनलेट व्हॉल्व्ह अजून मिटायचा असतो. तो त्यानंतर ५० अंशांनी मिटतो. त्या क्षणी चौथ्यात ताजे मिश्रण भरलेले, दाब जवळजवळ काहीच नाही. कमी दाबात प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी सहज उडते, दाबलेल्या मिश्रणात तिला बरेच जास्त व्होल्टेज लागते. हलक्या पायाने चालवताना तिसऱ्यातला दाब कमी असल्याने ठिणगी आपल्या ठरलेल्या जागी पडे. ॲक्सिलेटर खोल दाबला की सिलिंडर पूर्ण भरे, तिसऱ्याच्या प्लगला लागणारे व्होल्टेज वाढे आणि विजेला कोळशाच्या वाटेने चौथ्याकडे जाणे सोपे पडे. चौथा अवेळी पेटे आणि ज्वाला उघड्या इनलेटमधून कार्ब्युरेटरमध्ये येई. तिसऱ्यातले मिश्रण मात्र तसेच न जळता एक्झॉस्टमध्ये जाई, म्हणजे सायलेन्सरच्या दणक्यालाही इंधन इथूनच मिळत होते. हीच रेघ १ आणि ३ च्या मध्ये असती, तर तिसऱ्याची ठिणगी जळून गेलेल्या वायूत पडून वाया गेली असती. दम गेला असता, पण शिंक आली नसती.

नवा कॅप लावून त्याच चढावर गेलो : शिंक नाही. खात्रीसाठी जुना कॅप परत बसवला : दुसऱ्याच वळणावर शिंक हजर. हा उलटा प्रयोग करायला बहुतेकांना कंटाळा येतो, पण त्याशिवाय कारण सिद्ध झाले असे मी म्हणत नाही.

प्रश्न उरला तो ही वाट जळली का, आणि ३-४ च्या मध्येच का. लष्करी जीपवर रेडिओत खरखर येऊ नये म्हणून प्लगांवर विजेला रोध करणारे सप्रेसर बसवलेले असत. अशा गाड्यांच्या बॉनेटवरील क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘एस’ रंगवत. या गाडीवर ते जुने सप्रेसर हौसेने जपलेले होते. मल्टिमीटरने मोजले तर तिघांचे आकडे दहा हजार ओमच्या आसपास आले, तिसऱ्या प्लगच्या सप्रेसरने मात्र काहीच वाचन दिले नाही. आतून तो तुटलेला होता. इंजिन चालू असताना वीज त्या आतल्या फटीवरूनही उडी मारी, म्हणून तिसरा सिलिंडर मेलेला वाटत नव्हता. पण प्लगची फट आणि सप्रेसरची फट अशा दोन उड्यांसाठी व्होल्टेज नेहमीच जास्त चढे, आणि त्याने कॅपमध्ये आडवाट शोधली. केवळ कॅप बदलून गाडी दिली असती, तर काही महिन्यांत नव्या कॅपवर त्याच जागी तीच रेघ उमटली असती.

दुरुस्तीत फार सांगण्यासारखे नाही. बुश नवे घातले, वजने व खुंट्या साफ करून पातळ तेल दिले, स्प्रिंगा शाबूत होत्या. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप आणि चारही सप्रेसर बदलले. प्लगचा गॅप ३० थाऊ ठेवला. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम पाळला, कारण गॅप हलला की टायमिंगही हलते. टायमिंगसाठी डेल्कोच्या प्राथमिक टर्मिनलवरून अर्थकडे सहा व्होल्टचा लहान दिवा जोडला, इग्निशन चालू केले आणि इंजिन हाताने नेहमीच्या दिशेनेच फिरवत आयजीएनची खूण भोकाच्या मध्यावर आणली. खूण पुढे गेली तर मागे फिरवून आणायची नाही. पुन्हा पूर्ण फेरा घेऊन यायचे, नाहीतर सैल चेनची ढिलाई मोजणीत शिरते. इथे रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून डेल्कोचे अंग घड्याळाच्या दिशेने हळूहळू वळवत पॉइंट उघडून दिवा लागला त्या क्षणी पकड आवळली. लाइटखाली आयडलला ५, १५०० फेऱ्यांना १४ आणि ३००० ला २५ अंश, अशी आमची मोजणी आली. स्टार्टरचा उलटा झटका गेला, शिंक गेली, तिसऱ्या गिअरमध्ये चढ निघू लागला.

उतारावरचा दणका मात्र पूर्ण गेला नाही. मंद झाला, विरळ झाला, पण राहिला. इथे व्हॅक्यूम गेज कामाला आले. आयडलला पाऱ्याचे १५ इंच आणि काटा किंचित थरथरता. सुस्थितीतल्या इंजिनाला १७ ते २१ अपेक्षित असतात. या जीपला क्रँककेसमधील वाफ इनलेट मॅनिफोल्डमध्ये ओढून घेणारा एक लहान व्हॉल्व्ह आहे, टॅपेटच्या झाकणापासून निघणाऱ्या धातूच्या नळीच्या टोकाला. आयडलला आणि उतारावर व्हॅक्यूम जास्त असताना त्याने जवळजवळ मिटायला हवे. नळी काढून तोंड अंगठ्याने बंद करताच आयडल बदलला आणि काटा १८ वर गेला. व्हॉल्व्ह चिकट काळ्या थरामुळे उघडाच अडकला होता. उतारावर त्यातून भरपूर जादा हवा शिरे, मिश्रण पेटण्याइतकेही उरत नसे आणि ते तसेच सायलेन्सरकडे जाई. तिथे ते पेटायला मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपच्या सांध्यातील फुंकणाऱ्या गॅस्केटमधून येणारी हवा पुरेशी होती. सांध्याभोवती काजळीचा पंखा उमटलेला होता. व्हॉल्व्ह धुतला, गॅस्केट बदलले, आणि मगच आयडलचे मिश्रण लावले, त्याआधी नाही.

महिनाभरानंतर मालकाने गाडी परत आणली ती तपासणीसाठी. चारही प्लग फिकट तपकिरी होते, तिसरा इतरांपेक्षा निराळा ओळखू येत नव्हता. कॅप उलटा करून टॉर्चखाली पाहिला, आत रेघ नव्हती. पहिल्या आणि चौथ्या वायरवरून टायमिंग एकाच जागी येते, पण खूण अजून एखाद अंशाने मागेपुढे हलते. ती हालचाल चेनची आहे. तिला बदलायला रेडिएटर आणि पुढचे झाकण उतरवावे लागेल, आणि ते काम इंजिन पुढे कधी उघडेल तेव्हासाठी मालकाच्या संमतीने ठेवले आहे.